सावली सगळ्यात लहान कधी होते?

आमच्याकडे जेवताना कुणी काही सांगायला लागलं आणि त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकलं, की माझी मुलं एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "आले, डिप्टी आले!" नवरा हसतो. मीही हसते आणि पोळीचा तुकडा मोडायच्या निमित्तानं खाली बघते. हा विनोद मीच त्यांना पुरवलेला आहे. घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे, त्यामुळे माझी फजिती झालेल्या गोष्टी मी स्वतःच आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितल्या तर त्यात मसाला जास्त पडतो. या गोष्टीचा हसण्यासारखा भाग सगळ्यांना पाठ आहे. पुढचाही त्यांना माहीत आहे, पण तिथे कुणी हसत नाही, म्हणून माझी गाडी बहुतेक वेळा अर्ध्या वाटेवरच थांबते.

डिप्टी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. मी तिसरीत होते तेव्हाची ही गोष्ट, एकोणीसशे सत्तरनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. नागपुरातली आमची शाळा साधीच होती. कौलारू खोल्यांच्या तीन ओळी, मध्ये पटांगण, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. तिसरीच्या वर्गाला माझी आईच शिकवायची. घरून निघाल्यापासून कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत ती आई असे, पानठेला ओलांडला की बाई. हा नियम तिचाच. माझ्याकडून तो सारखा मोडे. वर्गात "आई, पाणी पिऊन येऊ?" म्हटलं की सगळा वर्ग खिदळे. आणि घरी कधीतरी तोंडून "बाई, भाजी वाढा" निघालं की बाबा खिदळत.

तर ही आई, म्हणजे बाई, एका मे महिन्यात शिक्षकांच्या शिबिराला गेली आणि परत आली ती उत्तरं देणं बंद करूनच. शिबिरात त्यांना कुणीतरी पटवून दिलं होतं की मुलांना उत्तर सांगू नये, त्यांना ते शोधू द्यावं. बाकीच्या शिक्षकांनी ते ऐकलं, चहा घेतला आणि आपापल्या गावी गेले. आमच्या आईनं ते मनावर घेतलं. बाबा रेल्वेत कारकून होते. ते म्हणाले, "अगं, पण मास्तरणीले पगार उत्तराचाच मिळते ना?" आणि त्या दिवसापासून घरातही त्यांची पंचाईत झाली. "आज भाजीत मीठ कमी पडलं का गं?" असं विचारलं की आई म्हणे, "खाऊन बघा आणि तुम्हीच सांगा."

वर्गात मात्र मजा होती. संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबली की तडतड करून ठिणग्या का उडतात, माठाच्या बाहेर पाणी कुठून येतं, असं काय काय आम्ही करून पाहत असू. आई प्रश्न विचारायची आणि हाताची घडी घालून उभी राहायची. ती घडी मला अजून दिसते. तिला कसलीच घाई नसे. एखादं पोर उत्तराच्या दिशेनं रांगायला लागलं, की ती त्याच्याकडे असं बघायची की पोराला वाटावं, आपण काहीतरी मोठं काम करतो आहोत.

मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. धोतर, कोट, आणि खोलीत किल्लीचं मोठं घड्याळ. रोज सकाळी रेडिओवरच्या वेळेशी ते घड्याळ लावत आणि त्याच्यावर शाळा चालवत. "बाई, पोरं खेळून राहिली अन् तुम्ही बघून राहिल्या," असं ते म्हणत. शेवटी त्यांनी सांगितलं, की फेब्रुवारीत डिप्टी येतील. त्यांना हा प्रकार चांगला वाटला तर चालू ठेवा. नाहीतर बंद करा, आणि पुस्तकातले धडे ओळीनं शिकवा. आई हो म्हणाली. म्हणजे तिची ती हाताची घडी राहते की जाते, हे सगळं त्या एका भेटीवर येऊन ठेपलं होतं. मला ते माहीत होतं, कारण घरी तिनं बाबांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते.

संक्रांत झाली आणि पुस्तकात सूर्याचा धडा आला. त्यात एक वाक्य होतं. दुपारी बरोबर बारा वाजता सावली सर्वांत लहान होते. कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. आईनं विचारलं, "कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. मग पटांगणात एक काठी रोवली गेली. एक पोरगा मुख्याध्यापकांच्या दाराशी घड्याळावर नजर ठेवून बसे, बाकीचे आम्ही काठीभोवती. सावलीचं टोक जिथे असेल तिथे मातीत चिंचोका दाबायचा. काट्यावर काटा आला की दारातला पोरगा ओरडायचा, "बारा!" आणि आम्ही त्या चिंचोक्यावर खूण करायचो.

सावली बाराला सगळ्यात लहान झालीच नाही. बारा वाजून गेले तरी ती आखडतच राहिली. चांगला वेळ गेल्यावर कुठे ती थांबली आणि मग लांबायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

वर्गात नुसता गोंधळ. एक म्हणाला, काठी वाकडी आहे. त्याचे वडील गवंडी होते. त्यानं दुसऱ्या दिवशी घरून ओळंबा आणला आणि काठी अशी सरळ केली की पुन्हा कुणी तिच्याबद्दल बोलायचं धाडस केलं नाही. सावली तरी उशिराच. एक पोरगा म्हणाला, "थंडीत सूर्यालेच उशीर होते, बाई. उन्हाळ्यात पाहा लागन." त्यावर सगळे हसले, मी जरा जास्तच. आई हसली नाही. "मग उन्हाळ्यातही बघू या की," म्हणाली, "काठी कुठे पळून चालली आहे?"

पण बहुतेकांचं मत पडलं ते घड्याळावर. आणि तेही फक्त नागपूरच्या पोरांनाच सुचेल अशा कारणानं. आपलं नागपूर देशाच्या बरोबर मध्यावर, झिरो माइलचा खांब आपल्याकडे. म्हणजे देशाचा सूर्य आधी आपल्या डोक्यावर यायला पाहिजे की नको? बाकी मुंबई-कलकत्त्याला पुढेमागे होईल एखाद्या वेळी, पण इथे बारा म्हणजे बाराच. तेव्हा घड्याळच पुढे गेलेलं आहे. एवढं सिद्ध करून आम्ही पाचसात जण मुख्याध्यापकांकडे गेलो आणि अदबीनं सांगितलं, "सर, तुमचं घड्याळ चुकते."

मुख्याध्यापक उभे राहिले. रागावले, पण गंमत अशी की पुरावा त्यांनीही तोच दिला. "अरे, आपण देशाच्या मध्यावर! इथली वेळ चुकेल? तुमची सावलीच चुकली असंल!" मग आईला बोलावून घेतलं. डिप्टींसमोर घड्याळ चुकतं असं एक जरी पोर बोललं, तर काठी उपटून चुलीत घालीन, असं सांगितलं.

माझ्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिचे वडील संत्र्याचा ट्रक घेऊन कलकत्त्याला जायचे. ती फार बोलायची नाही, आणि बोलली तरी हळूहळू, एकेक शब्द हातात घेऊन पाहिल्यासारखा. घड्याळावर सगळे तुटून पडले होते तेव्हा तीच म्हणाली होती, "रेडिओचं घड्याळ कसं काय चुकीन?" मग थोड्या वेळानं, "बाई, रेडिओ सगळीकडे एकच वाजते का? कलकत्त्याले पण?"

आई तिच्याकडे त्या खास नजरेनं बघायला लागली. "तुला काय वाटतं?"

"माहे बाबा गेले आहेत तिकडे. आले की विचारतो त्यायले."

"विचार," आई म्हणाली. "पण उत्तर विचारू नकोस हं. तिकडे काय दिसतं, तेवढं विचार."

त्यानंतर ती रोज सकाळी शाळेत आली की सगळे विचारत, "आले का वं तुझे बाबा?" आणि ती मान हलवी. सगळा वर्ग एका ट्रकची वाट पाहत होता.

मला वाट बघावी लागली नाही. याच दिवसांत एका संध्याकाळी आई-बाबा पुढच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि मी आत पाढे लिहीत होते. आई बाबांना सगळा प्रकार सांगत होती. सांगता सांगता म्हणाली, "खरं सांगू? मलाही नाही माहीत कारण. मीही शोधतेच आहे."

"अगं, सोपं आहे," बाबा म्हणाले.

"सांगू नका."

"अगं, रेल्वेतल्या माणसाले..."

"अहो, नका सांगू म्हणते ना! मला माझं सापडू द्या."

पण बाबांच्या तोंडात उत्तर आलेलं होतं, आणि आमच्या घराण्यात तोंडात आलेलं उत्तर परत गिळलेलं मी कुणाचंच पाहिलेलं नाही. त्यांनी सांगितलं. देशभर घड्याळ एकच, आणि ते लावलंय अलाहाबादजवळून जाणाऱ्या एका रेखांशावर. नागपूर त्याच्या पश्चिमेला. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला उशीर. संपलं.

शेंगा सोलायचा आवाज तेवढा येत राहिला. मग आई म्हणाली, "झालं समाधान?"

"अरे बाप्पा! मदत केली त राग!"

एवढ्यात तिनं दारातून मला पाहिलं. माझी लेखणी थांबलेली होती. "ऐकलंस ना?" मी मान हलवली. ती आत आली आणि माझ्यासमोर खाली बसली. "हे बघ. हे तुझ्या बाबांनी तुझ्या आईला सांगितलं. शाळेतल्या बाईंना नाही आणि तिसरीतल्या मुलीलाही नाही. वर्गात एक शब्द काढायचा नाही. पोरं जवळ आली आहेत. त्यांना पोचू दे. कबूल?"

मी कबूल म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. मला कुणी विचारलं असतं तर मी जीभ कापून दिली असती. पण उत्तर माहीत असताना न माहीत असल्यासारखं काठीभोवती बसणं काय असतं, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. पोरं डोकी खाजवत होती आणि मी गालातल्या गालात हसत होते. आठ वर्षांची होते मी, पण माझी मान एखाद्या निवृत्त हेडमास्तरसारखी ताठ झाली होती. चिंचोके दाबायचाही मला कंटाळा यायला लागला.

डिप्टी आले त्या दिवशी शाळा शेणसडा घालून, रांगोळ्या काढून, आम्हाला तेल चोपडून तयार होती. आणि नेमके आदल्या रात्री माझ्या बाकमैत्रिणीचे वडील परतले होते. ती धावतच आली. "विचारलं वं! विचारलं!" कुणालाही काही सांगेना. म्हणे, बाईंनाच सांगणार.

साहेब आमच्या वर्गात आले ते दुपारच्या सुट्टीनंतर. उंच, चष्मा, बोलायला मवाळ. मुख्याध्यापक मागे. साहेबांनी धडा उघडला आणि नेमका तोच प्रश्न विचारला. "सावली सर्वांत लहान केव्हा होते, मुलांनो?"

"बारा वाजून गेल्यावर!" सगळा वर्ग एका सुरात.

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

"पुस्तकात तर बारा वाजता लिहिलंय."

"पुस्तकात लिहिलंय, सर," गवंड्याचा पोरगा उभा राहून म्हणाला, "पण ग्राउंडवर तसं होत नाही."

साहेबांना गंमत वाटलेली दिसली. "अस्सं! मग चूक कुणाची? पुस्तकाची की घड्याळाची?"

माझी मैत्रीण उभी राहिली. हाताचा पंजा बाकावर टेकून. "सर, चूक कोणाचीच नाही." मग थांबली. साहेब वाट बघत होते. "माहे बाबा ट्रक घेऊन कलकत्त्याले जातेत. त्यायनं सांगितलं, तिकडे आता सहा वाजता पार अंधार होऊन जाते. लाइट लावा लागते. अन् आपल्याइकडे सहाले पोट्टे ग्राउंडवर खेळतच राहतेत. घड्याळ तिकडेही सहा, इकडेही सहा. म्हणजे घड्याळ त एकच आहे, पण... पण सूर्य..." ती थांबली. पुढचा शब्द शोधत होती.

मी आईकडे पाहिलं. हाताची घडी घालून ती उभी होती, शांत, त्या नजरेनं मैत्रिणीकडे बघत. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. साहेबांनी मनगट जरासं वळवलं, घड्याळ पाहिलं की नुसतं खाजवलं कोण जाणे. मला मात्र वाटलं, आता संपलं. आता साहेब जाणार, काठी चुलीत जाणार, आई उद्यापासून पुस्तक वाचून दाखवणार. आणि इकडे सगळं वाचवायचं औषध माझ्या तोंडात.

हात वर करायचंही मला सुचलं नाही. मी सरळ उभी राहिले आणि एका दमात म्हणाले, "सर, सबंध भारताचं घड्याळ अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं आहे आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे इथे मध्यान्ह उशिरा होतो!"

"शाब्बास!" साहेब जवळजवळ ओरडले. "रेखांश! तिसरीत! वा!"

मुख्याध्यापकांनी डोळे उघडले. "बाईंचीच कन्या, साहेब."

"मग काय विचारता!" साहेब म्हणाले, आणि आईकडे वळून हसले.

माझ्या मैत्रिणीला कुणी बस म्हटलं नाही. ती आपली आपणच बसली.

मी आईकडे बघितलं, शाब्बासकीचा दुसरा हप्ता घ्यायला. आईच्या हाताची घडी सुटली होती. ती साहेबांकडे बघून हसत होती, जसं लग्नाघरी अनोळखी पाहुण्याकडे बघून हसतात तसं.

साहेब फार चांगला शेरा देऊन गेले. मुख्याध्यापकांनी आईचं अभिनंदन केलं आणि "मी उगाच भ्यालो" असंही मोठ्या मनानं म्हणाले. संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते सायकल काढून गेले आणि संत्रा बर्फी घेऊन आले. आईनं बर्फी बशीत काढली, आम्हाला दिली, आणि कणीक भिजवायला घेतली.

"तू का उठलीस गं?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"तुला वाचवायला."

"मला कोण मारत होतं?"

बाबांनी तोंडात टाकलेली बर्फी तशीच राहिली. त्यांना तेव्हा उमगलं, वर्गात बोललेलं वाक्य कुठून आलं होतं ते. आई परातीत पाणी घालत म्हणाली, "ती बोलत होती ना गं. पोचलीच होती." त्यापलीकडे काही नाही. ओरडली नाही, रुसली नाही. मी आणि बाबा एकमेकांकडे न बघता बर्फी खात बसलो. टाकून देववेना आणि गिळवेना. बर्फीला काय कळतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी पटांगणातली काठी काढली. चुलीत घालायला नाही, मुख्याध्यापक खूश होते. "आता तिचं काय काम, बाई? उत्तर तर सापडलं!" त्यांनी पेंटर बोलावून माझं वाक्य जसंच्या तसं आमच्या वर्गाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतलं. प्रार्थनेनंतर ते सगळ्यांनी म्हणायचं ठरलं. आई त्यांना भेटायला गेली आणि म्हणाली, मुलांना अजून उन्हाळ्यात बघायचं आहे. ते म्हणाले, "बाई, जिंकलेल्या मॅचमध्ये पुन्हा कोण बॅटिंग करते?"

मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीनं मला बोरं दिली. रोज द्यायची तशीच. बोराची बी थुंकून म्हणाली, "तुले कधीपासून मालूम होतं वं?"

मी सांगितलं, काही दिवसांपासून.

"मग काहून नाही सांगितलं? आम्ही रोज उन्हात बसून राहिलो." मग दुसरं बोर उचलत, "बाईलेही मालूम होतं?"

काय सांगणार होते मी? नव्हतं म्हटलं तर खोटं, होतं म्हटलं तर त्याहून मोठं खोटं. मी बोर खात राहिले. तिनं ते हो असं धरलं. इतक्या सरळ मनाच्या पोरीनं दुसरं काय धरायचं?

तिनं चहाडी केली नाही. पण वर्गात हळूहळू सगळ्यांना कळलं. बाईंना आधीच माहीत होतं, घरी पोरीला सांगितलेलं होतं, आपल्याला उगाच चिंचोके दाबायला लावले. रागावलं कुणी नाही. पोरं पोरांसारखीच वागली, म्हणजे शहाणी झाली. पुढच्या आठवड्यात आईनं विचारलं, मुंग्या ओळीनंच का जातात, आणि ती हाताची घडी घालून उभी राहिली. कुणी जागचं हललं नाही. पूर्वी निम्मा वर्ग तोवर भिंतीशी उकिडवा बसला असता. गवंड्याचा पोरगा म्हणाला, "सांगून टाका ना, बाई." आणि कुणीतरी मागून, मला ढोसत, "हिले विचार बे. हिले घरी मिळते."

सगळा वर्ग हसला. आईसुद्धा हसली, तेच लग्नाघरचं हसू.

तिनं सोडून दिलं असं नाही. तिनं मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं, की माझ्या मुलीला दुसऱ्या तुकडीत घाला. ते म्हणाले, शाळेचा हिरा तुमच्या वर्गात आहे आणि तुम्ही दुसरीकडे पाठवता? मग तिनं घरी शाळेचं बोलणंच बंद केलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. रोज संध्याकाळी बाबांसमोर बसून, अमुक पोर असं म्हणालं आणि तमुक तसं, हे ती इतकं रंगवून सांगायची की आम्हाला रेडिओ लागत नसे. माझं गोष्टी सांगायचं खातं तिच्याकडूनच आलेलं. ते बंद झालं. बाबा विचारत, "आज काय केलं पोट्ट्यायनं?" ती म्हणे, "काही नाही, शुद्धलेखन." आणि माझ्या दिशेनं एकदा बघे. रागानं नाही. घरात उंदीर आहे म्हणून डबा झाकून ठेवावा, तसं.

मध्ये बरीच वर्षं गेली. माझा मुलगा कॉलेजात असताना त्याच्या एका पुस्तकात मला एक तक्ता दिसला आणि मी तो पुन्हा पुन्हा वाचला. सूर्य डोक्यावर यायची वेळ वर्षभर पुढेमागे सरकत असते. त्याचं रेखांशाशी काही देणंघेणं नाही, पृथ्वीच्या फिरण्यातच ते आहे. फेब्रुवारीत उशीर सगळ्यात जास्त. उन्हाळ्यात कमी. आणि दिवाळीच्या सुमारास तर नागपुरात सूर्य जवळजवळ बरोबर बाराला डोक्यावर येतो, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. म्हणजे मी एका दमात फेकलेलं, भिंतीवर निळ्या रंगात चढलेलं, अख्ख्या शाळेनं पाठ केलेलं ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं थंडीत सूर्याला उशीर होतो म्हणणाऱ्या त्या पोराजवळ होतं, ज्याला मी सगळ्यांपेक्षा जास्त हसले होते. काठी दिवाळीपर्यंत राहिली असती तर पोरांनी ते धरलं असतं. धरलंच असतं. आईला मी हे सांगायला गेले. ती तेव्हा थकली होती, पण कान शाबूत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं, मुख्याध्यापकांना नाही कळलं. बिचाऱ्यांना भिंत पुन्हा रंगवावी लागली असती." मी हसले. ती म्हणाली, "तो पोरगा आता कुठे असतो गं?" मला माहीत नव्हतं. मैत्रीण कुठे असते, तेही नाही.

डिप्टी येऊन गेले त्या वर्षीच्या जूनचंही सांगायला हवं. शाळा उघडली आणि मुख्याध्यापकांनी आईला बक्षीस दिलं. चौथीचा स्कॉलरशिपचा वर्ग. शाळेतला मानाचा वर्ग तोच, कारण शाळेचं नाव त्यावर अवलंबून. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, वेळ कमी. ती तिसरीच द्या म्हणेल, असं मला वाटलं होतं. बाबांनाही वाटलं होतं. तिनं नाही म्हटलं नाही. बाबांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तिसरी मागायची तर तिथे काहीतरी उरलेलं लागतं. आता पोरं काठीकडे बघत नाहीत, मी तोंड कधी उघडते ते बघतात."

निवडलेल्या मुलांत मी होते. माझी मैत्रीण नव्हती, ती दुसऱ्या तुकडीत गेली.

पहिल्या दिवशी आई वर्गात आली, हजेरी घेतली आणि फळ्यावर एक प्रश्न लिहिला. वजनाच्या काट्याचा काहीतरी होता. खडू ठेवला. आणि सवयीनं हाताची घडी घालून उभी राहिली.

बाहेर उकडत होतं. वर्ग अगदी शांत होता, नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी असतो तसा शिस्तीचा. सगळ्यांच्या वह्या उघड्या, लेखण्या टेकवलेल्या. कुणी प्रश्नाकडे बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चेहरा पाहिला. माझ्यावर आली तेव्हाही थांबली नाही, पुढे गेली. बराच वेळ ती तशी उभी होती. मग घडी सोडली, खडू उचलला आणि प्रश्नाखाली तिच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात उत्तर लिहायला लागली.

आम्ही सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. माझं सगळ्यांत आधी झालं.